साठ ग्रॅम

पणजीच्या हॉटेलात, थंडगार खोलीत,
कर्जाआधीच्या प्रशिक्षणाला
एक तरुण मुलगी कागद वाटत गेली.
दोन चौकटी. धंद्याचा हेतू. तुमची मूल्यं.
शेजारचा बिस्किटवाला भराभर लिहीत सुटला:
सचोटी, गुणवत्ता, ग्राहक हाच देव.
मी मूल्यांच्या चौकटीत लिहिलं:
काटा तपासणे, दीडशे रुपये.
ती हसली. चांगली मुलगी.
म्हणाली, तसं नाही, ताई. घरी नेऊन भरा.
सोमवारी दिलात तरी चालेल.

आज रविवार.
म्हापशात सामसूम, माझं दुकान अर्धं उघडं.
पाटीवर 'पुरसो च्यारी आणि कन्या'.
अक्षरं बाबांच्या हातची,
'कन्या' कडेला दाटीवाटीनं,
कारण ती नंतर सुचली.
खिळ्याला शिवोलीच्या इनासिनाची तागडी,
मासळीच्या मिठानं खाल्लेली.
आणि दार अडवून बसलेलं
पाच किलोचं लोखंडी वजन.

वजनाच्या पोटात खळगा असतो,
खळग्यात शिसं, शिशावर सरकारी शिक्का.
आईच्या ऑपरेशनच्या साली
मिरचीच्या एका व्यापाऱ्यासाठी
बाबांनी ते शिसं कोरून काढलं,
आत फेणीच्या बाटलीचं बूच बसवलं,
शिक्क्याचा पापुद्रा वर पुन्हा ठोकला.
इतकं सुबक काम त्यांनी
आधी केलं नव्हतं, नंतरही नाही.
साठ ग्रॅम गेले.

आई बरी झाली.
मे महिन्यात पुरुमेंताला बाजारात गेली
आणि पाच किलो मिरची घेऊन आली.
म्हणाली, त्याच्याकडे वजन आपल्या दुकानातलं होतं,
म्हणून तिथूनच घेतली.

बाबा त्या रात्री जेवले नाहीत.
शुक्रवारी दुप्पट पैसे मोजून
वजन परत आणलं, दाराशी ठेवलं.
आईला शेवटपर्यंत कळलं नाही.
मला बोलावलं. मी तेरा वर्षांची.
दोन्ही हातांत दोन वजनं दिली:
हलकं कोणतं, बाय?
मला सांगता येईना.
रोज उचल, म्हणाले.
पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी
डावा हात आपोआप वर गेला.
'हात फट मारिना,' बाबा म्हणाले,
आणि काजळीचे हात पुसत
मागच्या दारानं बाहेर गेले.

गेल्या मंगळवारी कळंगुटचा काजूवाला आला.
सात इलेक्ट्रॉनिक काटे तपासायला टाकले,
मग खुर्ची जवळ ओढली.
टेबलाखाली एक बटण बसवून द्या,
किलोमागे पंचवीस ग्रॅम,
तेही फक्त टुरिस्टांना.
विमानात बसले की कोण विचारतोय?
सात काट्यांचे पैसे म्हणजे
पाच महिन्यांचं भाडं.
मी नाही म्हटलं नाही.
मी म्हटलं, बघते.

'बघते' कोणत्या चौकटीत बसतं,
हे त्या मुलीला विचारायला हवं होतं.

चार दिवस तो शब्द
माझ्यासोबत काउंटरवर बसून आहे.
चहा पिताना, इनासिनाच्या साखळ्या घासताना,
गिऱ्हाइकाला सुटे पैसे देताना.

संध्याकाळी दार ओढायला
वाकून वजन उचललं.
तेवढंच जड. तेवढंच कमी.
ते हातात धरूनच, उभ्यानं,
काजूवाल्याला फोन लावला.
काटे घेऊन जा, म्हटलं. तपासलेत. बरोबर आहेत.
तो थोडा थांबला.
अगदी बरोबर?
अगदी.
त्यानं फोन ठेवला. आता तो
दुसरीकडे जाईल, आणि भाडं
पाच तारखेलाच द्यायचं आहे.

कागद काढला.
हेतूची चौकट कोरीच ठेवली;
तिला अजून वेळ लागेल.
दुसऱ्या चौकटीत दीडशे रुपये खोडले नाहीत.
त्यांच्याखाली लिहिलं:

वजन एक, बुचासकट.
विकायचं नाही.